ती स्टेप कुणाची

शनि., ८ नोव्हें.

रोहिणी आज पुन्हा टीव्हीवर. या आठवड्याची फेरी अशी की कलाकारांनी जुन्या सिनेमांतले गाजलेले नाच जसेच्या तसे करायचे. हिच्या वाट्याला लावणी. हिरवी नऊवारी, नथ, कमरेला पट्टा. माझ्याहून चार महिन्यांनी मोठी आहे, आणि मला चव्वेचाळीस पूर्ण. खालच्या पट्टीवर वय आलं, अडतीस. (हे कशाला लिहितेय? ते तिनं थोडंच छापलं असेल.)

पण जसाच्या तसा नाहीच केला. मध्येच एक गुडघा टेकला, उजव्या पायातलं घुंगरू हातानं घोट्याशी धरलं आणि तोच पाय तालावर आपटला. दोनदा. मग वर बघून हसली. तिन्ही परीक्षक उभे.

"हे मूळ गाण्यात नाही. कुठून आणलंस?"

"कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये सुचली होती ही स्टेप," म्हणाली.

सुचली होती. कुणाला, ते नाही सांगितलं.

सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. "तुझ्या मैतरणीच्या अंगात काय चपळाई हाय बाई. तू बी नाचायचीस म्हणं. काहून सोडलंस?"

मी मेथी निवडत होते. काड्या पानांत गेल्या आणि पानं काड्यांत.

रवि., ९ नोव्हें.

काल एक गोष्ट लिहायची टाळली. परीक्षक उभे राहिले तेव्हा ती पडावी असं वाटलं. नथ अडकून, काष्ट्यात पाय येऊन, कसंही. क्षणभरच. पण वाटलं.

आता गॅदरिंगचं. बी.ए.चं दुसरं वर्ष. हिंगोलीत, कॉलेजच्या मैदानावरचं स्टेज. मी आणि रो., दोघींची लावणी. बसवली मी. मी पुढे, ती जरा मागे. मधल्या कडव्यात माझ्या उजव्या पायातल्या घुंगरांचा पट्टा सुटला. मी थांबले नाही. गुडघा टेकला, पट्टा घोट्याशी धरला, तालावर पाय आपटला. लोकांना वाटलं बसवलेलंच आहे. शिट्ट्या. इतकं स्वच्छ आठवतं. पायाखालच्या सतरंजीची सुरकुतीसुद्धा.

त्यानंतर मी नाचले नाही. लग्नामुळे सुटलं, असं सगळ्यांना सांगत आले. लग्न तर दोन वर्षांनी झालं. मग मधली दोन वर्षं?

मंगळ., ११ नोव्हें.

नरसीला शाळेत मधल्या सुट्टीत रो.चाच विषय. गणिताच्या कावेरी मॅडम म्हणाल्या, "ती खाली बसायची स्टेप मी चारदा बघितली हो."

तोंडून निघून गेलं, "ती माझी आहे."

"म्हंजे?"

मग सगळं सांगितलं. सांगताना पट्टा जरा जास्तच जोरात तुटला आणि शिट्ट्या जरा जास्त वेळ वाजल्या. घरी पोचेपर्यंत मॅडमनी फेसबुकवर टाकलंही: आमच्या मंगल मॅडमची स्टेप टीव्हीवर, नाव मात्र दुसरीचं.

फोन केला. म्हणाल्या, "आपुन गप बसायचं न्हाई मॅडम. काहून बसायचं?"

काढून टाका असं मी म्हणाले नाही. 'कशाला उगीच' एवढंच म्हणाले, आणि तेही त्यांना ऐकू जाणार नाही इतकं हळू.

गुरु., १३ नोव्हें.

यूट्यूब चॅनलवाला माईक घेऊन शाळेच्या फाटकाशी. "मॅडम, लांबण नको. ती स्टेप तुमची व्हय का न्हाई, तेवढं सांगा."

"व्हय."

एकच शब्द. तो येणार हे सकाळीच कळलं होतं. म्हणून इस्त्रीची साडी. एका शब्दासाठी.

संध्याकाळी रो.च्या व्हिडिओखाली लोकांचं सुरू. चोरटी. मैत्रिणीला विसरली. हिला मत देऊ नका. सगळं वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. बरं वाटलं. नंतर भाकरी गेली नाही, तेही लिहून ठेवते. पण आधी बरं वाटलं.

शुक्र., १४ नोव्हें.

रो.चा फोन. सहा वर्षांनी. वाटलं, भांडेल.

"मंगे, कशी हायस?"

टीव्हीवर पुस्तकासारखं बोलते. माझ्याशी अजून आमच्या हट्टा गावचंच.

"मला खरंच नीट आठवत न्हाई बघ. तुझा पट्टा सुटला, कुणीतरी खाली बसलं, येवढं ध्यानात हाय. मला वाटलं मीच. आता तू म्हणतीस तर तूच असशील. तुझ्याकडं कॅसेट होती ना गॅदरिंगची? बघ ना तेवढी. चॅनलवाले इचारून राहिले. मतं कमी पडून राहिली मंगे. या खेपेला भाईर काढतेत मला."

"बघते," म्हणाले.

तिचा आवाज जरासा दाटला होता. हेसुद्धा हिला छान जमतं, असं मनात आलं. तिनं फोन ठेवल्यावर स्वतःचीच शिसारी आली. पण फोन ठेवल्यावर.

मंगळ., १८ नोव्हें.

कॅसेट दिवाणात सापडली, लग्नाच्या शालूखाली. बसस्टँडजवळ सलीमभाईंचा फोटो स्टुडिओ. गॅदरिंगचं शूटिंग त्यांच्या वडिलांनी केलेलं. जुना व्हीसीआर अजून आहे, लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून देतात. शाळा सुटल्यावर तिकडे गेले. डोक्यात एकच, पुरावा.

पडद्यावर आधी नुसत्या रेघा. मग आम्ही. मी पुढे, रो. मागे, तेवढं बरोबर आठवत होतं.

पट्टा सुटतो. मी थांबते. उजवा पाय पुढे टाकून खांबासारखी उभी, तोंड अर्धवट उघडं. मागून रो. येते. नाचत येते, ताल न सोडता. माझ्यापुढे गुडघा टेकते. पट्टा माझ्या घोट्याशी धरते, माझा पाय उचलते आणि तालावर खाली आपटते. एकदा. दोनदा. मग वर बघून मला काहीतरी म्हणते. सलीमभाईंनी तेवढंच तीनदा मागे नेऊन दाखवलं. ओठांवरून कळतं.

हस.

आणि मी हसते. शिट्ट्या त्याच्यानंतर.

"खाली बसली ती टीव्हीवाली ना मॅडम? अन् उभ्या त्या तुमी? किती घाबरून गेल्ता हो."

सतरंजीला सुरकुती नाही. सतरंजीच नाही. उघड्या फळ्या आहेत.

पंचवीस वर्षं मी तिच्या अंगात शिरून ते आठवत होते.

बुध., १९ नोव्हें.

रो.चा मेसेज: कॅसेट मिळाली का गं?

उत्तर दिलं: मिळाली. बुरशी धरलीय. चालत नाही.

तिचा परत: असू दे. तकलीफ दिली तुला.

बुरशी कुठून सुचली? सलीमभाई काल दुसऱ्या कुणाच्या तरी कॅसेटबद्दल बोलत होते. खोटंसुद्धा माझं स्वतःचं नाही.

गुरु., २० नोव्हें.

दिवसभर तिला खरं सांगायचं असं ठरवत होते. आठवीच्या वर्गावर फळ्यावर तारीख चुकीची लिहिली, पोरींनी दुरुस्त करून दिली. 'थँक्यू' म्हणाले. तेवढं सहज जमतं.

नाही सांगितलं.

शनि., २२ नोव्हें.

रो. आज नाचायच्या आधीच बोलली. साधी साडी, फारसा मेकअप नाही. "त्या दिवशीची स्टेप माझी मैत्रीण मंगल हिची. हिंगोलीची आहे, मुलांना शिकवते. मी तेव्हाच तिचं नाव घ्यायला हवं होतं. चुकले." हात जोडले. सगळे उभे राहिले. पुढच्या फेरीत गेली.

माझ्याकडे पुरावा असून मी तिची स्टेप तिला दिली नाही. तिच्याकडे काहीच नव्हतं, आणि तिनं देऊन टाकली.

हे मोठेपणाचं वाक्य नंतर सुचलं. आधी सुचलं ते असं की माफी मागतानाही ही स्टेजच्या बरोबर मधोमध उभी आहे, आणि साध्या साडीत जास्तच चांगली दिसते. म्हणजे आत काही बदललेलं नाही. आता तर ती माझ्याहून चांगली आहे याचाही हेवा वाटतो.

सासूबाई: "टीव्हीत नाव आलं की तुझं. अन् मौतीला आल्यावानी काहून बसलीस?"

रवि., २३ नोव्हें.

उद्या शाळेत माझा सत्कार. शाल, श्रीफळ. कावेरी मॅडमनी परस्पर ठरवलं. "अन् मॅडम, पोरींना स्टेप करून दाखवायची बरं का. आठवीच्या पोरी घुंगरू घेऊन येऊन राहिल्या. न्हाई म्हणायचं न्हाई."

दुपारी मागच्या खोलीचं दार लावून करून बघितली. गुडघा टेकला, घोटा धरला, रो. टीव्हीवर करते तशी. पाय उचलला की तोल जातो. दोनदा कलंडले. बाहेरून सासूबाई, "काय पडलं गं?"

"काही नाही. डबा."

"डबा बरा, 'आई गं' म्हणला."

रो.ला फोन लावला. एक रिंग झाली आणि ठेवला. लगेच तिचा मेसेज: शूटिंगला हाय. काल बघितलंस का? आता तरी हस.

उत्तर दिलेलं नाही.

मुळात ती एकटीची स्टेप नाहीच. एकीनं उभं राहायचं, एकीनं खाली बसायचं. म्हणजे उद्या पोरींतली एक पुढे बोलवावी लागेल. तिच्यापुढे मी गुडघा टेकला, तर माझं ते 'व्हय' कायमचं. तिला खाली बसायला सांगून मी नुसती उभी राहिले, तोंड अर्धवट उघडं ठेवून, तर कावेरी मॅडम विचारतील, हे काय मॅडम. मग सांगावं लागेल.

सलीमभाईंनी उतरवून दिलेला पेनड्राइव्ह पर्समध्ये आहे. गुडघ्यालाही तेल लावून ठेवलंय.