खनिजयुक्त पाण्याची बाग

४ ऑक्टोबर

आजपासून रोजनिशी. उद्या कुणी विचारलं की वाळवंटात बाग फुलवली कशी, तर सगळं लिहिलेलं असावं. दाखवणार कुणालाच नाही. फक्त माझ्यासाठी.

आमच्या कंपनीच्या कॉलनीच्या वेल्फेअर कमिटीने बागकामाची कार्यशाळा माझ्याकडे सोपवली. नाव मीच दिलं, ‘आपलं अन्न, आपल्या दारात’. दर शनिवारी सकाळी, कम्युनिटी हॉलच्या मागच्या मोकळ्या जागेत. वीस डिसेंबरला समारोप आणि सगळ्यांचं एकत्र जेवण. त्यात फक्त इथे पिकलेली भाजी. दुकानातलं एक पान चालणार नाही. हा नियमही माझाच.

माझी पात्रता: स्टोअर्स खात्यातला अनुभव, म्हणजे कुठली वस्तू कुठे आणि किती ठेवावी याची जाण. शिवाय दोन महिने रोज व्हिडिओ. कमिटीत दुसऱ्या कुणी हात वर केला नाही हेही खरं, पण लोकांना आपली पायरी कळते.

ही म्हणाली, नऊ वर्षांपूर्वी इथे आणताना तुम्ही मला बाग लावून देणार होतात. मी म्हणालो, तेच तर करतोय, जरा मोठ्या प्रमाणावर.

५ ऑक्टोबर

माझं इथलं काँट्रॅक्ट दोन वर्षं वाढलं. हिला सांगितलं. हिचा चेहरा पडला. हिला लेकीकडे जाऊन राहायचंय. तिकडे म्हणे अंगणात नुसतं बी फेकलं तरी येतं. इथे खिडकी उघडली की ताटात वाळू.

मग हिनेच तोडगा काढला. वीस डिसेंबरला आपल्या मातीत उगवलेली मूठभर कोथिंबीर हातात ठेवा, मी दोन वर्षं ब्र काढणार नाही. नाही ठेवलीत, तर मी लेकीकडे.

मूठभर! मला हसूच आलं. टोपलीभर देणार आहे.

११ ऑक्टोबर

पहिला वर्ग झकास. बरेच लोक आले. काही चहासाठी आले असावेत. कमिटीने नेमका चांगला चहा ठेवला होता.

नाव घेण्यासारखे तिघे. दवाखान्यातली नर्स, सगळं लिहून घेते. शाळेतल्या बाई, लिहून घेत नाहीत पण मान छान डोलावतात. आणि क्रेन चालवणारा एक गृहस्थ. त्याला मी मनातल्या मनात शंकासूर म्हणतो. खत कुठलं, बी कुठलं, ऊन किती. माणसाने उंचावर बसून काम केलं की खालच्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची सवय लागत असावी.

मुख्य अडचण पाण्याची. नळाला येतं ते खारं. टँकरचं गोड पाणी बागेला मिळणार नाही, असं कमिटीने स्पष्ट सांगितलंय. मी म्हणालो, पाण्याचं माझ्यावर सोडा.

१४ ऑक्टोबर

सुचलं! अंघोळ करताना सुचलं, तसाच टॉवेलवर बाहेर आलो.

इथे घरोघरी आरओचं मशीन. नळाचं खारं पाणी आत जातं, एका नळीतून प्यायचं गोड पाणी येतं, दुसऱ्या नळीतून उरलेलं पाणी सरळ मोरीत. घरटी बादल्याच्या बादल्या! आणि आपण पाणी नाही म्हणून रडतोय.

हिला सांगितलं. ही पोळ्या लाटत होती. म्हणाली, अहो, मशीन गोड पाणी वेगळं काढतं ना, मग मीठ कुठे जातं? मी म्हणालो, मशीनमध्ये. ही म्हणाली, मग मशीन अजून भरलं कसं नाही? बायकांना तांत्रिक गोष्टी समजावत बसण्यात अर्थ नसतो.

१८ ऑक्टोबर

योजना जाहीर केली. टाळ्या पडल्या. शाळेतल्या बाईंनी सुरुवात केली, पण पडल्या. मशीनमधून वाया जाणाऱ्या पाण्याला मी ‘खनिजयुक्त पाणी’ असं नाव दिलंय. नावाने फरक पडतो.

शंकासुराने हात वर केला. मीठ कुठे जातं? मला संशय आहे की हा आणि ही एकमेकांशी बोलतात. मी म्हणालो, मशीन ते टाकून देतं. तो म्हणाला, टाकतं म्हणजे कुठे टाकतं? मी म्हणालो, चला, चहा घेऊ या.

कोथिंबीर, मेथी, टोमॅटो, वांगी. हॉलमागे वाफे केले. घरच्या गॅलरीतही एक लांबडा वाफा केला, खास हिच्यासाठी.

१ नोव्हेंबर

उगवली!! गॅलरीत कोथिंबीर. मेथीही. हिला हाताला धरून नेऊन दाखवलं. ही वाकून बघत राहिली, बोटाच्या टोकाने एका कोंबाला हात लावला. बऱ्याच वर्षांनी ही अशी हसली. लगेच लेकीला फोन. म्हणाली, अगं, तुझ्या बाबांनी खरंच उगवलंय गं.

संकल्प: पुढच्या वर्षी पुस्तक.

९ नोव्हेंबर

पानांच्या कडा किंचित तपकिरी. उन्हाचा परिणाम. सावलीसाठी हिची जुनी साडी बांधली. ती जुनी नव्हती असं नंतर कळलं.

१५ नोव्हेंबर

मातीवर पांढरी साय आली आहे. हॉलमागेही आणि घरीही. वर्गात सगळ्यांना वाकून बघायला लावलं. सांगितलं, खनिजं वर येतायत, माती ताकद धरतेय. नर्सने लिहून घेतलं. शंकासुराने बोटावर घेऊन चाटलं. मग माझ्याकडे बघत राहिला. असे लोक वर्गाचं वातावरण बिघडवतात.

झाडं जरा मलूल आहेत म्हणून पाण्याचा डोस दुप्पट केला. सगळ्यांना घरीही दुप्पट करायला सांगितलं.

चहा आता साधा येतो. त्यामुळे उपस्थिती थोडी घटली.

२३ नोव्हेंबर

हॉलमागचे टोमॅटो गेले. वांगी गेली. मेथी तर उभ्या उभ्या वाळली. मी याला पहिली फेरी म्हणतो. पहिली फेरी शिकण्यासाठीच असते.

हिने ओट्याजवळच्या खिडकीत फुटक्या कपात पुदिना लावलाय. त्याला तांदूळ धुतलेलं पाणी घालते, बस्स. फोफावलाय. मी कौतुक केलं. म्हणालो, छंद म्हणून ठीक आहे. आणि थोडं खनिजयुक्त पाणी दे म्हटलं, तर हिने कप उचलून पदराआड धरला.

२९ नोव्हेंबर

गॅलरीतली कोथिंबीर. काय लिहू.

सकाळी हिने विचारलं, कशी आहे? मी म्हणालो, विश्रांती घेतेय. ही म्हणाली, आडवी पडून? आणि आत गेली. पुन्हा विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. मला उत्तर तयार होतं.

पुन्हा बी पेरलं. वीस डिसेंबरपर्यंत सहज येईल. मनावर घेतलं तर.

६ डिसेंबर

वर्गाला तिघेच. नर्स, बाई, शंकासूर. घरची झाडं कशी आहेत विचारलं. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. नर्स म्हणाली, छान. बाई म्हणाल्या, अगदी छान. शंकासूर खाली बघत म्हणाला, चाललंय. म्हणजे माझी पद्धत लोकांच्या घरी यशस्वी आहे, फक्त माझ्याकडे नाही. आमच्या गॅलरीला पश्चिमेचा वारा लागतो.

हॉलमागे आता नुसते पांढरे वाफे. लांबून बघितलं तर कुणी रांगोळी सांडल्यासारखे.

१३ डिसेंबर

दुसरं बी उगवलंच नाही. बियाणंच खराब. दुकानदाराला बोलून आलो. तो म्हणाला, तेच बी मी पाकीट उघडून चटणीत घातलं, चांगलं होतं.

ही कपाट आवरतेय. हिवाळ्याचे कपडे वरून खाली काढलेत. मी विचारलं, इथे कुठे थंडी आहे? ही म्हणाली, तिकडे आहे. मी गॅलरीत जाऊन वाफ्याला पाणी घातलं. दुसरं काय करणार होतो?

१८ डिसेंबर

गुरुवार. दुकानात भाजीचा ट्रक येतो. सहज गेलो.

दुकानदार म्हणाला, कॉलनीला काय झालंय? नर्सबाई सकाळीच टोमॅटो घेऊन गेल्या, शाळेतल्या बाईंनी सगळी मेथी उचलली, क्रेनवाल्याने वांगी. इकडेतिकडे बघत, पिशवीत लपवून नेलं सगळं. हे ऐकून समाधान वाटलं. कार्यशाळेमुळे लोकांना ताज्या भाजीची गोडी लागली.

कोथिंबीर थोडीच शिल्लक होती. मुळांसकटच्या जुड्या. सगळ्या घेतल्या. यात फसवणूक नाही. स्टोअर्समध्ये याला सेफ्टी स्टॉक म्हणतात. माल वेळेवर येणार नसेल तर बाहेरून घेऊन रॅक भरून ठेवायचा, पुरवठा थांबता कामा नये. आणि मुळं मातीत गेली की ती आपल्याच मातीतली झाली.

२० डिसेंबर, पहाटे

ही अंघोळीला गेलेली असताना लावली. घाईत, पण सुरेख दिसतेय. वरून साय खरवडून टाकली. हिरवीगार! क्षणभर मलाच वाटलं की उगवली.

२० डिसेंबर, संध्याकाळ

जेवण अतिशय यशस्वी. नर्सचे टोमॅटो, बाईंची मेथी, शंकासुराची वांगी. सगळं घरचं! कमिटीच्या अध्यक्षांनी माझा शाल घालून सत्कार केला. मी भाषणात म्हणालो, आज या ताटांत वाळवंट हरलं. नर्सला ठसका लागला. शंकासूर टाळ्या वाजवताना वर पंख्याकडे बघत होता. माणूस भावुक झाला की असं होतं. सगळ्यांनी खरं पिकवलं, मी एकट्यानेच दुकानातून आणलं, हे मात्र दिवसभर टोचत राहिलं.

त्याआधी, सकाळी. हिला गॅलरीत नेलं. म्हणालो, घे तुझी मूठभर. ही वाकली. एक जुडी उपटली. जुडीच आली. बुंध्याला रबरबँड.

मी म्हणालो, आधारासाठी बांधलाय. वारा असतो ना.

हिने रबरबँड सोडवला, मनगटात घातला, कोथिंबीर धुतली, बारीक चिरली आणि डब्यात भरून हॉलवर घेऊन आली. सगळ्यांना वाढली. कुणी विचारलं तर म्हणाली, यांनी आणली. लावली म्हणाली नाही, उगवली म्हणाली नाही. जेवणभर माझं लक्ष हिच्या मनगटाकडे.

२१ डिसेंबर

ही बॅग भरतेय. मी म्हणालो, नियमाप्रमाणे कोथिंबीर हातात ठेवली होती. ही चिडली नाही. चिडली असती तर भांडता आलं असतं. म्हणाली, कोथिंबिरीचं काही नाही हो. नऊ वर्षांत एकदा जरी ‘नाही उगवलं’ म्हणाला असतात, तर मी इथेच राहिले असते.

हे आधी सांगायला हवं होतं. अटी आधी स्पष्ट असाव्यात.

२४ डिसेंबर

कंपनीच्या बसपर्यंत सोडून आलो. शंकासूरही तिथेच होता, त्याने बॅग वर चढवून दिली. ही खिडकीतून म्हणाली, पुदिना तुमच्यावर सोपवून चाललेय. तांदूळ धुतलेलं पाणी घाला, दुसरं काही घालू नका, सल्लाही देऊ नका. जगला तर मार्चमध्ये येऊन बघते.

बस निघाली. मला रडू येत होतं. शंकासूर म्हणाला, वाळू गेली असेल डोळ्यात. त्या दिवसापुरता मला तो आवडला.

२ जानेवारी

घर फार मोठं वाटतं. ही नसली की मी काय बोलतो ते मलाच ऐकू येतं, आणि ते विशेष चांगलं नसतं. फार आठवण येते. याचा बागकामाशी संबंध नाही, पण लिहून ठेवतो.

संकल्प: पुदिना जगवणे. रोज सकाळी, न चुकता.

५ जानेवारी

एक तांत्रिक अडचण. एकट्यासाठी भात कोण लावतो? मी ब्रेड-अंड्यांवर आहे. भात नाही, म्हणजे तांदूळ धुतलेलं पाणी नाही. तात्पुरती सोय म्हणून मशीनखालच्या बादलीतलं घातलं. अगदी थोडं.

१३ जानेवारी

पुदिन्याच्या कपात कडेने पांढरं दिसतंय. खनि…

१४ जानेवारी

हिचा फोन. आधी लेकीचं, मग तिकडच्या थंडीचं, मग माझ्या जेवणाचं. मग जरा थांबून म्हणाली, पुदिना कसा आहे? खरं सांगा.

कप माझ्या समोरच होता. काड्या होत्या, पानं नव्हती. शब्द तोंडात आला होता. ‘गेला.’ दोनच अक्षरं. ही वाट बघत होती, श्वास ऐकू येत होता.

मी म्हणालो, छान. अगदी फोफावलाय.

ही म्हणाली, बरं. फोटो पाठवा.

१५ जानेवारी

गुरुवार. ट्रक यायच्या आधीच दुकानात जाऊन बसलो. पुदिना आला. मुळांसकट मिळेल का विचारलं. दुकानदार म्हणाला, पुदिना कापूनच येतो साहेब. रबरबँड लावून.