उन्हात वाळवलेले सेल

निपाणी,
२१ एप्रिल १९८७

प्रिय भावकू,

या पत्राच्या मागोमाग एक लहानसं पार्सल येईल. ते पत्राबरोबरच पोचलं तरी पत्र वाचून होईपर्यंत फोडू नकोस. पोस्टात बावीस वर्षं काढलेल्या माणसाची एवढी तरी आज्ञा पाळ. बाकीच्या पाळायचं तू सोडलंस, असं भरमू सांगत होता.

गेल्या मंगळवारी तो इथं मेव्हण्याकडं आलता. माझ्या काउंटरवर येऊन त्यानं एक कार्ड मागितलं आणि कार्ड हातात घेऊन हललाच नाही. म्हणाला, "अण्णा, भावकूनं गिटार खिळ्याला टांगलीया. संकेश्वरवाल्यांनी मे महिन्यात कार्यक्रमाला बोलावलंय, त्यास्नी न्हाय म्हणून कळवा म्हणतोय. दुसऱ्या कॅसेटचं तर नावच काढू देत न्हाय." मी विचारलं, "का रं?" तर हा तुमच्या बँडात कोंगो बडवणारा माणूस इतक्या हळू बोलला की मला काचेला कान लावावा लागला. "का ते तुमाला ठावं," म्हणाला. मागं रांगेत उभी असलेली म्हातारी खेकसली, "तुमचं रडून झालं असंल तर माझ्या लेकाचं पत्र आलंय का बघा." मी तिचं पत्र शोधायच्या निमित्तानं आत गेलो. तिथून जरा उशिरानंच बाहेर आलो.

का ते मला ठावं आहे. पण मला वळणावळणानंच लिहिता येतं, हे तू सहा वर्षं सोसलंयस. अजून चार पानं सोस.

आधी जगानं तुमच्या 'भोंगा' बँडचं काय कौतुक केलं ते पाहू. उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या चार पोरांनी कुठल्याही कंपनीच्या दारात न जाता स्वतःची कॅसेट काढली, दिवाळीला दहा गाणी बाजारात आली, आणि तीन ठिकाणी छापून आलं. बेळगावच्या एका मराठी पेपरानं लिहिलं की पोरांत धमक आहे, पण तिसऱ्या गाण्यात कन्नड शब्द फार. बेळगावच्याच एका कन्नड साप्ताहिकानं लिहिलं की तिसरं गाणं छान आहे, पण उरलेली नऊ मराठीत का? दोन्ही संपादक रोज सकाळी एकाच हॉटेलात एकाच टेबलावर चहा पितात, त्यांनी आपापसात मिटवलं असतं तरी चाललं असतं. आणि पुण्याच्या त्या मासिकानं तर कमाल केली. तुझ्या गावाला, काकतीला न थांबता पुढं जाणाऱ्या बसवर तू जे नाचायचं गाणं केलंस, ते म्हणे 'सीमाभागातील माणसाचा इतिहासाच्या थांब्यावरील आक्रोश' आहे. मी तुला पुरता ओळखतो. सुट्टीला घरी जाऊन परतताना पहिल्या पाळीची ती बस चुकली की हजेरी जायची आणि फोरमन शिव्या घालायचा, इतिहास त्या थांब्यावर कधीच आला नव्हता. या सगळ्यांत खरी समीक्षा तुझ्या आईची. रुक्माबाई म्हणाली होती, "आवाज ग्वाड हाय लेकराचा, पन मधी मधी त्यो डबा कशाला बडीवतोय भरमू?" पुण्याच्या मासिकाला अडीच पानांत जे जमलं नाही ते तिनं एका वाक्यात केलं.

छापलेली चौथी समीक्षा माझ्या 'टाचणी' सदरातली. तिच्याकडं येतोच आहे, पण वाटेत आपली खोली लागते.

आठवतंय ना, उद्यमबागेच्या मागची ती खोल्यांची रांग? माझ्या आणि तुझ्या खोलीच्या मध्ये नुसता एक पत्रा. अंबूनं फोडणी घातली की शिंक तुला यायची. मी बेळगावच्या पोस्टात, तू साचे भरायच्या कामावर. तीन वाजता पाळी सुटली की तू अंगावरची काळी रेती धुवायच्या आधीच गिटार काढायचास. पहिल्या महिन्यात मी घरमालकाकडं तक्रार करायला निघालतो. अंबूनं अडवलं. म्हणाली, "तक्रार नका करू, चुकलं तर सांगा त्येला." मग आपला कायदा ठरला. मी पत्र्यावर बोटानं एकदा वाजवलं की 'पुन्हा म्हण', दोनदा वाजवलं की 'जमलं'. समोर बसून सांगितलं असतं तर तुला राग आला असता आणि मला भीड पडली असती. पत्र्याला ना राग, ना भीड. सहा वर्षांत मी एकदा किती वेळा वाजवलं ते देव जाणे. दोनदा मात्र अकरा वेळाच. मला माहीत आहे, कारण प्रत्येक वेळी पलीकडं गिटार थांबायची आणि चुलीवर चहा ठेवल्याचा आवाज यायचा. चहा घेऊन आलास की गाण्याबद्दल आपण चकार शब्द काढायचो नाही. पावसापाण्याचं बोलायचो.

माझी निपाणीला बदली झाली तेव्हा सामान टेम्पोत चढवताना तू म्हणालास, "आता पत्रा कोन वाजिवनार अण्णा?" मी काहीतरी चावट उत्तर दिलं. सगळे हसले. तू हसला नाहीस ते मी पाहिलं होतं, पण टेम्पोवाला घाई करत होता.

तर कॅसेट माझ्याकडं आली ती फेब्रुवारीत, तुझ्याच हातचा पत्ता घालून. माझं सदर छापणाऱ्या साप्ताहिकाच्या संपादकाचा निरोप आला की या आठवड्याच्या 'टाचणी'त हिच्यावरच लिहा, मजकूर संध्याकाळच्या गाडीनं पाठवा. दिवसभर वीज नव्हती. मेव्हण्यानं दिलेला माझा टेपरेकॉर्डर सेलवर चालतो, आणि सेल संपलेले. मग आपल्याकडं सगळे करतात तेच मी केलं. अंगणात बाजेवर अंबूचे पापड वाळत होते, त्यांच्या कडेनं चार सेल उन्हाला मांडले. तीन तासांनी पापड वाळले आणि सेल जिवंत झाले, असं मला वाटलं. चाक फिरायला लागलं. फिरायला लागलं म्हणजे, बेंदराच्या दिवशी म्हातारा बैल जसा मिरवणुकीत निघतो तसं.

अंबू दारातून म्हणाली, "अवो, ह्यो भावकू न्हवंच. दुसराच कुनीतरी म्हातारा गातोय, दमा झालेला." मी तिला सांगितलं की पोरगा आता आधुनिक झालाय, तुला कळायचं नाही. बावीस वर्षांच्या संसारात ती जेव्हा जेव्हा बरोबर होती तेव्हा तेव्हा मी हेच वाक्य म्हटलेलं आहे. तुम्ही भट्टीतल्या उरल्या धातूची ती इवलीशी घंटा ओतून घेतली होती ना, जी बसच्या गाण्यात किणकिण वाजते? माझ्या यंत्रावर ती मयताला वाजवल्यासारखी वाजली. आणि मी लेखणी परजली. 'हा गायक उसानं भरलेली गाडी स्वतः ओढत कारखान्याकडं निघाला आहे, कारण बैल त्यानं घरीच विसरले' हे वाक्य मी कागदावर उतरवलं आणि स्वतःच हसलो. ओळखीच्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून आणखी दोन टाचण्या जास्त टोचल्या. निःपक्षपाती माणसाइतकं धोकादायक जनावर नसतं, भावकू. वाचकांची पत्रं आली, सगळ्यांना लेख आवडला. बैलांचं वाक्य तर बेळगावच्या कट्ट्यांवर पाठ झालं, असं ऐकतो. ते तुझ्या कानावर कितीदा पडलं असेल, ते भरमूच्या तोंडावर दिसलं.

आता परवाच्या रविवारची गोष्ट. मी यल्लाप्पाकडं दाढीला गेलो. त्याचं दुकान तंबाखूच्या वखारीला लागून, गिऱ्हाईक शिंकतंच आत येतं. त्याच्याकडं विजेवर चालणारा टेप आहे. त्यावर काहीतरी असं उड्या मारत चाललं होतं की खुर्चीत बसल्या बसल्या माझा पाय हलायला लागला. बाहेर वखारीतल्या बायका जेवणाच्या सुट्टीला बसलेल्या, त्या सगळ्या बसच्या ओळी एका सुरात म्हणत होत्या आणि न थांबणाऱ्या ड्रायव्हरला प्रत्येकीनं आपल्या नवऱ्याचं नाव घातलं होतं. मी विचारलं, "कोण रं हे? झकास हाय की." यल्लाप्पा म्हणाला, "बेळगावची फाउंड्रीची पोरं. लई भारी. कुन्या शान्यानं पेपरात नावं ठेवल्यात म्हनं त्यास्नी. एकदा गावला पायजे, कान फुकट साफ करून दीन त्याचं." वस्तरा त्या वेळी माझ्या नरड्यावर होता. अशा वेळी लेखकानं आपलं लेखन कबूल करू नये. घरी येऊन मी अंबूला सांगितलं. तिनं फक्त बाजेकडं पाहिलं.

येत्या गुरुवारच्या 'टाचणी'त हे सगळं छापून येईल, सेल आणि पापडांसकट. कट्ट्यांवर आता मी पाठ होईन, होऊ दे. पण तेवढ्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही. बैलांच्या वाक्यानं तू गिटार टांगणार नाहीस, तेवढा तू भट्टीत भाजलेला आहेस. तू टांगलीस ती लेखाच्या शेवटच्या ओळीमुळं. 'दहाव्या गाण्याविषयी मी काही लिहीत नाही, तेवढी दया माझ्यात शिल्लक आहे.' भावकू, नवव्या गाण्याच्या मध्यावर माझे सेल मेले. संध्याकाळची गाडी गाठायची होती. दहावं गाणं मी ऐकलंच नव्हतं. न ऐकलेलं लपवायला ती ओळ लिहिली, आणि ऐटीत लिहिली. ते गाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते परवा, यल्लाप्पाच्या खुर्चीत, अर्ध्या गालावर फेस असताना. 'पत्र्याच्या पल्याड एक कान हाय, त्याच्याचसाठी माझं गान हाय.' घंटा नाही, कोंगो नाही, तू एकटाच. आणि शेवटी गाणं थांबतं, टेप मात्र फिरतच राहते. यल्लाप्पा म्हणाला, "हितं काय रेकॉर्डच झालं न्हाय बघा, चुकलंय पोरांचं." चुकलेलं नाही हे सगळ्या निपाणीत मला एकट्याला ठाऊक होतं. तू तिथं जागा ठेवलीस. मी खुर्चीच्या दांड्यावर दोनदा वाजवलं. यल्लाप्पानं हात मागं घेतला, "काय झालं, लागलं काय?" मी व्हय म्हणालो. ती बारावी वेळ होती, आणि तू तिथं नव्हतास, म्हणून हे पत्र. पार्सलात तेच चार सेल आहेत. गिटार खाली घे आणि त्या खिळ्याला ते बांधून टांग. संकेश्वरवाल्यांना काहीही कळवायच्या आधी रविवारपर्यंत थांब. मी आणि अंबू सकाळच्या बसनं तुझ्या घरी काकतीला येतोय, ती थांबली तर. दाराशी येऊन हाक मारणार नाही. तुमच्या घरामागच्या परड्यातल्या न्हाणीला पत्रा आहे ना, तू आत दहावं गाणं म्हण, मी बाहेर उभा असेन. रुक्माबाईला चहा ठेवायला सांग. पावसापाण्याचं बोलू.

पत्र्यापलीकडचा, तुझाच
सिद्रामअण्णा