डावीकडची टोपी उजवीकडे

इतुराल्दे,
सोमवार, १० सप्टेंबर १९७९

प्रिय भगिनी ग्राशियाना हिला,

थोरला भाऊ एर्रामुन याचे आशीर्वाद. मी येथे खुशाल आहे व तूही बायोनाला खुशाल असशील असे धरून चालतो. साडेचार वर्षांनी माझे अक्षर पाहून तू पाकीट दोनदा उलटून पाहिले असशील. अक्षर माझेच आहे. चौथीपर्यंत जे शिकलो ते अद्याप विसरलेलो नाही.

प्रथम गावाकडील वृत्त. मका काढणीस आला आहे. मिरच्या ओवून भिंतीवर टांगल्या आहेत. मेंढरे महिनाअखेरीस वरच्या कुरणातून खाली उतरतील. कुत्रा म्हातारा झाला, पण सांगितलेले ऐकतो. छप्पर गळत नाही.

आमच्या टोपी मंडळाचे आता सातच सभासद उरले आहेत. तू आम्हांस ‘ओल्या डोक्यांची सभा’ म्हणत होतीस हे मला ठाऊक आहे. तरीही नियम तेच आहेत. छत्री नाही, कानटोपी नाही. पाऊस, बर्फ, गारा, ऊन, आभाळातून जे उतरेल ते आपल्या लोकरी गोल टोपीवरच घ्यायचे. टोपी उतरवायची ती चर्चमध्ये व अंथरुणात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी खिंडीपर्यंत चालत जायचे. गेल्या फेब्रुवारीत अर्ध्या वाटेवर गारांनी गाठले. अल्यांदे म्हणाला, “देव वाटाणे सोलतोय, आपण परात धरलीय.” कोणीही मागे फिरले नाही.

ज्याने टोपी कधी पुरती भिजू दिली नाही त्याला तिची योग्यता कळत नाही. पहिला तासभर पाणी लोकरीवर मण्यांसारखे बसून राहते. दुसऱ्या तासाला ती पाणी पिते व जड होते. नवखा माणूस तेव्हा घाबरून ती काढतो, पिळतो, आणि तेथेच चुकतो. तिसऱ्या तासाला ओली लोकर डोक्याची ऊब धरते, आणि मग कितीही कोसळू दे. उन्हाळ्यात कडा बोटभर उचलली की आत वारा खेळतो. घरी येऊन गुडघ्यावर ताणून वाळवली की पुन्हा जशीच्या तशी. तीस वर्षांत मला पडसे झालेले नाही. ही बढाई नव्हे, नोंद आहे.

मंडळास यंदा तीस वर्षे पूर्ण होतात. रविवार, २१ ऑक्टोबर रोजी, जिच्यावर चेंडू मारून खेळतात त्या चेंडूफळीच्या भिंतीपुढे, सर्व गावासमक्ष मला चापेला द्यावयाचा असे ठरले आहे. सामना जिंकणाऱ्याच्या डोक्यावर ठेवतात तीच ती मोठी टोपी, सोनेरी धाग्याने नाव व वर्ष भरलेली. तुला रीत ठाऊक आहे. आपली टोपी उतरवून रक्ताच्या नातलगाच्या हाती द्यायची, उघड्या डोक्याने वाकायचे, मग महापौर नवी ठेवतात. कात्तालिन जाऊन नऊ वर्षे झाली, आम्हांस मूल नाही, आपला भाऊ शाल्बातही गेला. रक्ताचे म्हणावे असे तूच उरली आहेस. यावे असा आग्रह नाही. कळवले एवढेच.

आणखी एक क्षुल्लक गोष्ट. माझ्या थोरल्या मेंढ्याच्या उजव्या कानावर, लोकर संपते तेथे, एक फोड आहे. भरत नाही. इस्पितळात तुम्ही जखमांना जे पिवळे मलम लावीत होता ते तुजपाशी असल्यास थोडे पाठवावे. जनावर सोशीक आहे, परंतु कळपापुढे त्यालाच चालावे लागते.

अल्यांदेची थट्टा चालूच असते. मी हल्ली टोपी उजव्या कानावर कललेली घालतो. परवा खिंडीवरून उतरताना तो खालून ओरडला, “कोण रे तू?” जवळ आल्यावर म्हणाला, “लेका, चाळीस वर्षं डावीकडं घालतोस, लांबनं बघितलं की कळतं एर्रामुन आला. आज वाटलं कुणी परका आपल्या मेंढरांत शिरला. काठी उचलली होती मी.” सगळे हसले. मीही हसलो. परंतु तेव्हापासून त्या वाटेने उतरताना मी आधी लांबूनच हाक देतो.

कळावे,
एर्रामुन
(अध्यक्ष, टोपी मंडळ, इतुराल्दे)


इतुराल्दे,
सोमवार, २४ सप्टेंबर १९७९

प्रिय भगिनी ग्राशियाना हिला,

आशीर्वाद. तुझे पत्र पोचले. तू मलम पाठवले नाहीस, प्रश्न पाठवलेस. फोड किती वर्षांचा, कडा उंच झाल्या आहेत काय, खपली धरून पुन्हा सुटते काय, रक्त येते काय. आणि सर्वांत खाली, “मेंढा पूर्वी टोपी डावीकडे घालीत होता काय?” हे मी तीनदा वाचले. पहिल्यांदा राग आला. तिसऱ्यांदा आला नाही.

मेंढ्याची प्रकृती उत्तम आहे.

उत्तरे क्रमाने देतो. शाल्बातच्या अंत्यविधीला तू चर्चच्या दारात, सर्व माणसे उघड्या डोक्याने उभी असता, माझा कान धरून म्हणालीस, “दादा, हे काय आहे? डॉक्टरला दाखव हे.” तेव्हा ते मसुराएवढे होते. मी तुला जे उत्तर दिले ते येथे पुन्हा लिहिणे भाग आहे, कारण क्षमा मागावयाची तर कशाची हे स्पष्ट हवे. मी म्हणालो, “जन्मभर लोकांचे फोड धुतलेस, आता तुला जिकडेतिकडे फोडच दिसतात.” लोक हसले, आणि तू संध्याकाळच्या गाडीने निघून गेलीस. ते वाक्य मी मागे घेतो.

आज ते अर्ध्या चेस्टनटएवढे आहे. कडा उंच आहेत. रक्त येते. टोपीची लोकर त्याला चिकटते, म्हणून सकाळी कोमट पाणी सोडून ती सुटी करावी लागते. हल्ली रात्रीही काढत नाही. मंडळाचा नियम मीच केला आणि मीच मोडतो. चर्चमध्ये वर पुरुषांच्या सज्ज्यात माझी जागा पुढची होती. ती सोडून शेवटच्या ओळीत, उजवी बाजू भिंतीला लावून बसतो. पाद्रीबाबा म्हणाले, “एर्रामुन, नम्रता वाढली वाटतं.” मी मान डोलावली. कुत्रा मांडीवर चढून तेवढीच जागा हुंगतो. त्याला मी लाथ मारली. अकरा वर्षांत कधी मारली नव्हती.

तू लिहितेस की चाळीस वर्षे टोपी डावीकडे कलवल्यामुळे उजवी बाजू उन्हात राहिली, त्याचे हे फळ. टोपीने चाळीस वर्षे माझे रक्षण केले, हे मी तुझे पत्र वाचल्यावरही म्हणतो. बाजू मी निवडली होती.

वडिलांविषयी जे लिहिलेस ते वाचले. त्याचे उत्तर देणार नाही.

मंगळवार, ९ ऑक्टोबर रोजी डॉक्टरांची वेळ घेतली आहेस, त्याबद्दल आभारी आहे. सकाळी आठच्या बसने निघेन.

तुझा भाऊ,
एर्रामुन


इतुराल्दे,
गुरुवार, १८ ऑक्टोबर १९७९

प्रिय ग्राशियाना,

तू बसथांब्यावर दोन तास उभी राहिलीस असे पोस्टमनकडून कळले. मी निरोपही पाठवला नाही. कारण लिहितो.

मी वेळेवर थांब्यावर होतो. कोट घातला होता, भाकरी व चीज बांधून घेतले होते. बस आली, दार उघडले. ड्रायव्हर म्हणाला, “चला आजोबा, वर या.” मी म्हणालो, “कोणाची तरी वाट पाहतो आहे.” तो म्हणाला, “मग बघा वाट,” आणि दार लावून गेला. भाकरी मी कुत्र्याला घातली.

परवा मादालेनच्या गुत्त्यात आम्ही चौघे पत्ते खेळत होतो. अल्यांदे माझा जोडीदार. या खेळात जोडीदाराला तोंडाने खुणा करण्याची मुभा असते, हे तू लहानपणी पाहिले आहेस. ओठ चावला तर राजे, जिभेचे टोक दाखवले तर एक्के. एक पत्ता खाली पडला तो उचलण्यास मी वाकलो, आणि वर आलो तेव्हा अल्यांदे माझ्याकडे टक लावून पाहत होता.

“ही कुठली खूण?” तो म्हणाला.

“कसली?”

“गालावर लाल रेघ. असला पत्ता मी तरी ऐकला नाही.”

मी हाताने पुसले. हात लाल झाला. मादालेन गल्ल्यावरून म्हणाली, “मुंगी चावली असेल, काका.” अल्यांदेने पत्ते पालथे ठेवले.

“टोपी काढ.”

“नाही.”

“एर्रामुन, तीस वर्षं तुझ्या मागनं चालतोय मी. गारा खाल्ल्या तुझ्यापायी. काढ म्हणतो.”

मी काढली. कोमट पाणी नव्हते, त्यामुळे ती नीट सुटली नाही. मला फक्त बाकाचा आवाज ऐकू येत होता. माझ्या उजव्या हाताला बसलेला बेट्टिरी सरकतो की काय, एवढेच मी ऐकत होतो. ग्राशियाना, बाक करकरला. तो सरकला, की नुसता वळला, हे मला सांगता येत नाही. मी त्या बाजूला पाहिले नाही.

अल्यांदे मला घरापर्यंत पोचवायला आला. वाटेत म्हणाला, “हे बघ, रविवारी जुनी टोपी काढायचीच नाही. वरनं मोठी ठेवून देऊ. महापौराला सांगतो, पलीकडच्या खोऱ्यात अशीच रीत आहे म्हणून. त्याला काय कळतंय, तो शहरातला.” तो मनापासून बोलत होता. घरी येऊन मी एकावर एक दोन टोप्या घालून आरशात पाहिलेही. दिसत नव्हते काही.

आज सकाळी मी अल्यांदेला सांगितले की तसे होणार नाही. उघड्या डोक्याने घ्यावयाची वस्तू झाकल्या डोक्याने घेणे ही लबाडी आहे, आणि आमच्या मंडळात ती कोणी केली असती तर मीच त्याचे नाव खोडले असते. तो म्हणाला, “मरशील, पण नियम सोडणार नाहीस.” मग त्याला आपण काय बोललो ते उमगले आणि तो बूट पाहत उभा राहिला. त्याचाच पुतण्या सोमवारी मला गाडीने बायोनाला आणणार आहे. थांबा नाही, बस नाही, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. डॉक्टरांना सोमवारची वेळ पुन्हा मागून घे. कान कापावा लागला तरी चालेल असे त्यांना आधीच सांगून ठेव, म्हणजे मला समोरासमोर ऐकावे लागणार नाही.

आता वडिलांविषयी.

तू पाच वर्षांची होतीस. तुला पांढरा फडका तेवढा आठवतो, आणि दाढ दुखते असे सांगितलेले. दाढ नव्हती, हेच होते. त्यांच्या टोपीखालून तो फडका हनुवटीपर्यंत बांधलेला असे, आणि तो वरचेवर बदलावा लागे. घरात वास येई. गावातली माणसे भेटायला येत व दाराशीच उभी राहत. गुत्त्यात ते बसले की बाक रिकामा होई, म्हणून त्यांनी जाणे सोडले. त्याच वर्षी मी शाळा सोडली. मेंढरांकडे पाहायला माणूस नाही म्हणून सोडली असे मी आजवर सर्वांना सांगत आलो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. मेंढरांमागे दिवसभर डोंगरावर राहता येत असे. घरी बसावे लागत नसे.

शेवटच्या आठवड्यात ते दारापुढच्या दगडी बाकावर उन्हात बसले होते. मी कुरणावरून आलो. त्यांनी हाताने बाकावरची जागा दाखवली आणि म्हणाले, “एर्रामुन, ये, बस जरा.” मी म्हणालो, “गाईची धार काढायचीय.” गाय तेव्हा आटलेली होती. ते त्यांना ठाऊक होते. त्यांनी हात तसाच बाकावर ठेवला, आणि मी गोठ्यात जाऊन उभा राहिलो.

हे मी कात्तालिनला सांगितले नाही, पाद्रीबाबांना सांगितले नाही. साडेचार वर्षे कानावरचे झाकून ठेवले त्यामागे अभिमान होता असे तुला वाटले असेल. मलाही तसेच वाटत होते. मला मरणाचे भय इतके नाही. मी मरणे पुष्कळ पाहिली आहेत. मला त्या बाकाचे भय वाटते. रात्री जाग आली की मी उशीचा वास घेऊन पाहतो. मला वास येत नाही, पण वडिलांनाही येत नसावा.

भय वाटते हे मी आजवर कोणास लिहिलेले नाही. हे पान मी पुन्हा उतरवून काढले. तरीही अक्षर नीट आलेले नाही, त्याबद्दल राग मानू नये.

रविवारी सकाळी ये. समारंभ अकराला आहे, तू नऊपर्यंत पोच. कोमट पाणी मी ठेवीन. टोपी तुझ्या हाताने सोडव, जखम धू, आणि वर पट्टी बांधू नकोस. ज्यांना पाहायचे ते पाहतील. तीस वर्षे कोणी काय डोक्यावर घ्यावे हे मी गावाला सांगितले, एक दिवस माझे डोके गावाने पाहिले तर अन्याय होणार नाही. भाषण करीन की नाही ते सांगता येत नाही.

समारंभानंतर सर्वांना सायडर व कोकराचे मटण आहे. चेंडूफळीच्या पटांगणात लांब बाक मांडतात. माझी जागा कडेला ठेवण्यास मी सांगितले आहे. उजव्या हाताची जागा रिकामी आहे, तेथे कोणाचे नाव घातलेले नाही. तू ती घ्यावीस अशी सक्ती नाही. तुला दुसरीकडे बसावेसे वाटले तर मला धारेची गाय सांगू नकोस, सरळ सांग. मी समजेन.

वडिलांपाशी न बसलेला,
तुझा दादा