चुकांचे दहा मार्क

३ फेब्रुवारी, सोमवार

मी खरी आहे का, असं विचारलंय त्या बाईनं! लाल शाईत! नातीच्या, शरण्याच्या, बी.एड.च्या वहीवर! बहात्तर वर्षं या म्हैसुरात काढली, आता एका मॅडमला माझा पुरावा हवाय.

विसात सहा दिलेत. दहा मिळाले नाहीत तर हुणसूरच्या शाळेत शिकवायला पाठवणार नाहीत, आणि तिथं शिकवल्याशिवाय परीक्षा नाही. वर्ष गेलंच म्हणायचं. पोरगी जेवली नाही.

इंग्रजीच्या मास्तरणी व्हायच्या या पोरींना काम दिलेलं — इंग्रजी न येणारं एक माणूस धरायचं, सहा आठवडे शिकवायचं, रोज काय झालं ते लिहायचं. हिनं मला धरलं. घरात आयतीच होते.

रोज अर्धा तास बसले. कंबर धरली. मग सहाच का?

४ फेब्रुवारी

काही कळत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

विचारलं, "तुझं शिकवणं वाईट की माझं शिकणं?"

"अज्जी, सुम्निरी," म्हणून मलाच गप्प केलं. मी गप्प बसणारी आहे का! खोदल्यावर बोलली. मॅडम म्हणतात, सहा आठवड्यांत एकही चूक न करणारा शिकाऊ असूच शकत नाही. ही म्हातारी तू घरी बसून रचलीस.

अय्यो! मी, आणि चूक नाही? पहिल्याच आठवड्यात फोन उचलून 'थँक यू' म्हटलं आणि ठेवून दिला. संध्याकाळी दूधवाल्याला गुड मॉर्निंग केलं. तो हसला, मी त्याच्यावरच ओरडले. ते सगळं गेलं कुठं?

मग मार्कांचा कागद वाचून दाखवायला लावला. पाठ आखला त्याला पाच. सुधारून घेतलं त्याला पाच. चुका टिपल्या त्याला — दहा! चुकांना मार्क! आम्हाला छडी मिळायची. चौथीत शाळा सोडली ती उगाच की काय!

"मग टिपल्या का नाहीस?" म्हटलं. उठून आत गेली. डोकं चालेनासं झालंय माझं.

६ फेब्रुवारी

आज पण बोलत नाही. मुलगा रघुनाथ म्हणतो, "अम्मा, तू त्यात पडू नको." पडू नको काय, मीच ती वही आहे!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तिची पिशवी झटकताना दुसरी वही पडली. पेन्सिलीची, कन्नडातली, म्हणून मला वाचता आली. तारीखवार सगळं! थँक यू. दूधवाला. एका दिवसाच्या तेरा चुका. 'अज्जी चिडल्या, चष्मा फेकला' — तेसुद्धा.

आणि पहिल्या पानावर: 'अज्जींनी सांगितलंय, चुका बाहेर दाखवायच्या नाहीत.'

सांगितलं होतं खरं. पहिल्याच दिवशी. "घरातल्या वडील माणसाचा कमीपणा परक्यापुढं मांडायची रीत नाही आपल्यात." म्हणून पोरीनं मॅडमना द्यायच्या वहीत मला सरळ करून लिहिलं.

कॉलेजातून आली तेव्हा वही पुढं टाकली. "बेअक्कल! मॅडमना खरं सांगायला तोंड नव्हतं?"

"त्या म्हणाल्या, आजींना फोनवर दे, मी इंग्रजीत बोलते. मी म्हटलं, बरं नाही त्यांना."

"मला काय धाड भरलीय?"

"तुम्ही चुकला असता, अज्जी. त्यांच्यापुढं."

 

९ फेब्रुवारी, रविवार

काल मॅडमना तिच्याकडून निरोप धाडला, अज्जी बऱ्या झाल्या. पेन्सिलीची वही उद्या सकाळी कॉलेजात जाईल, न पुसता, चष्म्यासकट. संध्याकाळी सातला मॅडमचा फोन येणार. चुकेन तेवढं चुकेन, बाईंनी मोजून घ्यावं. घरात सांगून ठेवलंय — वाजला की शरण्यानं हात लावायचा नाही, रघुनाथनं तर नाहीच. उचलणार मी!