डावं चाक

पळसदरी
१४ डिसेंबर २०२४

चि. मैना हिस आशीर्वाद.

गेल्या महिन्यात नम्रताचा फोन आला म्हणून लिहिते आहे. एरवी लिहिलं नसतं. तुझा डावा हात दिवाळीपासून उठत नाही, बोलणं मात्र शाबूत आहे, असं ती म्हणाली. आणि म्हणाली, "मावशी, आई दिवसभर ओटीवर बसून उजव्या हाताची बोटं हवेत फिरवते. डॉक्टरांनाही कळेना, काय करते." मला कळलं. फोन ठेवला आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली.

फोन तू उचलणार नाहीस, आणि उचललास तर मी भांडेन. म्हणून पत्र.

इकडे ठीक. वाल चांगले धरलेत. गुडघा दुखतो, पण चालते. शेजारचा बुधाजी अजून कुंपणावरून भांडतो, म्हणजे तोही ठीकच.

पेटीत आपली रेघांची पाटी तशीच होती. लाल चौकट, आत चंदेरी पूड, खाली दोन पांढरी चाकं. डावं फिरवलं की आडवी रेघ, उजवं फिरवलं की उभी. मी थोरली, म्हणून डावीकडे बसायची, तू उजवीकडे. पळसदरीचा डोंगर काढायचा तर तिरकी रेघ हवी, आणि ती एकीच्या चाकातून निघत नसे. दोघींनी एकदम फिरवलं, तरच डोंगर.

तुला एकच हात उरला, तर डाव्या चाकाला मोटर लावू, असं माझ्या मनानं घेतलं. पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. एवढं जमायला हवं. कर्जतला माझी जुनी विद्यार्थिनी हर्षला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवते. तिनं मोटरला हुकूम देणारा बिस्किटाएवढा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि काड्यापेटीएवढी मोटर दिली. ही मोटर भरकन फिरत नाही, मोजून पावलं टाकते, म्हणशील तेवढीच. ती चाकाला जोडायला जुन्या पेनाचं टोपण कापलं. मोटरला हुकूम कसे लिहायचे ते मी तीन आठवड्यांत शिकले. हर्षला म्हणते, "बाई, तुमी वर्गात जशा ओरडायच्या ना, तसंच लिवायचं. मोटरला लय आवडतं."

आधी हुकूम पाठ होतात का पाहावं म्हणून दोन्ही चाकांना मोटरी लावल्या आणि चौकोन काढायला सांगितलं.

चौकोन मिटला नाही.

मी मोटर बदलली. हुकूम पुन्हा लिहिले. पुन्हा तेच, शेवटचा कोपरा उघडा. मी हर्षलावर चिडले. ती पाटीवर नाक टेकवून बघत बसली आणि म्हणाली, "बाई, मोटरला नका बोलू. ती बरोबर फिरतेय. परत फिरताना रेघच उशिरा निघते. आतला धागा ढिला हाय."

मग मी मागचं झाकण उघडलं. पूड सांडली, माझे हात कोपरापर्यंत चांदीचे झाले. चाक उलट फिरवलं की धागा आधी नुसता ताणला जातो. रेघ काढणारं टोक जागचं हलत नाही. मोजलं. सव्वीस पावलं. दर वेळी सव्वीस.

मी अंगणात जाऊन बसले. हर्षला चहा करून घेऊन आली, तो निवला.

मैना, तू दहावी झालीस त्या वर्षी चित्रकलेचे मास्तर आपल्या घरी आले होते. हिला चित्रकला शिकायला मुंबईला धाडा, म्हणत होते. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. घरात कॉलेज शिकलेली मीच. मी ही पाटी तुझ्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, साधा चौकोन काढून दाखव. एकटीनं. सगळे बघत होते. शेवटचा कोपरा मिटला नाही. तू म्हणालीस, "ताई, परत फिरताना धागा झोपतो गं. तो उठेस्तोवर थांबावं लागतं."

मी म्हटलं, "धागा नाही झोपत. तुझं लक्ष झोपतं." आणि आप्पांना सांगितलं, हिला सरळ रेघ येत नाही.

मास्तर चहा न घेता गेले. पुढच्या वर्षी तुझं लग्न झालं.

नम्रताच्या लग्नात तू मांडवात सगळ्यांदेखत म्हणालीस, "रांगोळी ताईला दाखवू नका, मला सरळ रेघ येत नाय." लोक हसले. मी न जेवता निघून आले आणि नऊ वर्षं तुझ्यावर रागावले. तू खोटं बोललीस म्हणून नाही, माझंच वाक्य मला परत केलंस म्हणून; एवढं मला तेव्हाच कळायला हवं होतं. लहानपणी माझंही चाक तसंच ढिलं होतं. चौकोन बिघडला की मी टपली मात्र तुला मारायची.

तुझं बरोबर होतं. धागा झोपतो.

आता दुपारी पाटी उन्हात ठेवून मोटर चालू करते. इतकी हळू चालते की रेघ पुढे सरकते आहे की आपल्यालाच तसं वाटतं, कळत नाही. ती चंदेरी पूड धरणाच्या पाण्यासारखी दिसते. पाहता पाहता डोळा लागतो. मग तू उजवीकडे येऊन बसतेस, आठ वर्षांची, ओल्या वेण्या, गुडघ्याला गुडघा टेकवून. आपण चाकं फिरवतो. डोंगर निघतो, डोंगरामागे डोंगर, बगळा निघतो, आणि रेघ कुठेच तुटत नाही, कारण या पाटीवर हात उचलताच येत नाही. जागी होते तेव्हा रेघ पाटीच्या कडेला पोचून थांबलेली असते आणि उजवं चाक मोकळं असतं.

उजव्या चाकाची मोटर मी काढून टाकली. ते तुझं आहे.

डाव्याचं असं: उजव्या पायाखाली एक बटण ठेव. दाबून धरलंस की रेघ पुढे जाते, सोडलंस की थांबते. दोनदा दाबून धरलंस की परत फिरते. परत फिरताना आधी ती सव्वीस पावलं मुकाट्यानं टाकते, धाग्याला उठवते, आणि मगच रेघ काढते. हा हुकूम मी सगळ्यात शेवटी लिहिला. ती तुझं ऐकेल. चौकोन मिटतो, मी पन्नास वेळा पाहिलाय. पण तू चौकोन काढू नकोस. डोंगर काढ.

उद्या रविवारी नम्रता येते आहे, तिच्याकडे देते. मला बोलावलं नाहीस तर मी येणार नाही.

चुकलेली,
ताई

नम्रताकडे दिलं:
रेघांची पाटी, एक. नवी पूड भरलेली.
बोर्ड, वायरी आणि मोबाईलचा चार्जर.
पायाचं बटण, एक.
मोटर, एक, डाव्या चाकाला चार स्क्रूंनी बसवलेली.
लहान पेचकस, एक. मोटर नको वाटली आणि डावीकडे कोणी बसावं असं वाटलं, तर ती पाच मिनिटांत निघते.