धाब्यावर कोण चढतं?

प्रिय नवनीत,

तुला आजीचा आशीर्वाद. रागातला आहे, तरी आशीर्वादच आहे, घे. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊक आहे. मी बोलते, लिहिणारी लिहिते. तिला बजावलंय, माझा एकही शब्द गोड करून लिहायचा नाही.

तुझ्या हापिसातल्या भाषणाचा व्हिडिओ तूच हौसेनं पाठवलास. शेजारच्या रिनानं मोबाइल धरला, मी पाहिला. तुझ्यामागे भला मोठा फोटो, गेल्या उन्हाळ्यात तू काढलेला. रनाळ्याचं आपलं धाब्याचं, मातीच्या सपाट छपराचं घर, धाब्यावर मी, पदर खोचलेला, डोक्यावर खारी मातीचं घमेलं. आणि तू ऐटीत सांगतोस, माझी आजी घर पाडत नाही, गळतं तिथं खारी टाकते. आपणही जुनं पॅकिंगचं टूल फेकायचं नाही, थोडं थोडं दुरुस्त करायचं. टाळ्या पडल्या. वा रे मन्हा राजा! घमेलं धरायला तुझा हात पुढे आला नव्हता, टाळ्या घ्यायला बरा आला.

आता ऐक. मी धाबा राखला तो काही प्रेमानं नाही. स्लॅबचं नाव काढलं की घरात कुणी ऐकायचं नाही, म्हणून राखला. तुझे आजोबा, दोधूबाबा, खाटेवर पडून म्हणायचे, मातीखाली कसं गार वाटतं! गार त्यांना वाटायचं, चढायचे मी. तुझा बाप पोटात असतानाही चढले. तरी गळालंच, तर म्हणे, खारी नीट दाबली नसशील. जुन्याचं कौतुक करणाऱ्याच्या डोक्यावर घमेलं पाहिलंयस कधी? मी नाही पाहिलं.

ते टूल काय असतं, ते तुझ्या बायकोनंच, तुझ्याच हापिसात राबणाऱ्या सीमानं, दिवाळीत मला समजावलं होतं. प्रोग्रॅम बांधायचा, त्याला लागणारं सगळं सोबत घालायचं, गिऱ्हाईकाकडे धाडायचं. म्हटलं, नंदुरबारच्या बाजारात मिरचीचं पोतं शिवतात तसंच की. तर म्हणाली, हो आजी, पण आमच्या पोत्याला इतकी ठिगळं की एक टाका ओढला तर दुसरीकडून मिरची सांडते. सांडली की फोन कुणाला? तिला. जेवत असो, तापानं फणफणलेली असो. तू साहेब, तुला कोण उठवतं! नवं टूल तिनं अर्धं उभं केलं होतं. जुनं लगेच मोडणार नव्हती ती. नवी चूल वाळेपर्यंत भाकरी जुन्या चुलीवरच करायची, एवढं तिला कळतं. तू माझा फोटो दाखवून तिची ओली चूल लाथेनं मोडलीस. वर दुरुस्तीचं काम दिलंस तेही तिलाच!

लिहिणारी इथं थांबली. म्हणते, लाथेनं नको लिहू या. मी म्हटलं, लिख माय, राग मन्हा शे, तू फक्त लिख.

दुरुस्त करावं की नवं आणावं, ते मला विचारू नकोस. मला एवढंच कळतं, जो चढतो त्यानं ठरवावं. तुला जुनं इतकं प्यारं असेल तर तू चढ. पण पुन्हा माझा फोटो कुणाच्या तोंडावर मारशील तर याद राख.

आणि ऐक. तू सगळ्यांना सांगत फिरतोस, सीमा माहेरी धानोऱ्याला गेलीय, आराम करून येईल. ती धानोऱ्याला गेलीच नाही. नंदुरबार स्टेशनावरून रिक्षा करून सरळ माझ्या दारात आली. हे अक्षर तिचंच आहे. तुम्ही दोघं एकमेकांना मोबाइलवरच लिहिता, म्हणून तुला ओळखूही आलं नसेल. नोकरी सोडायची की तुला, हे तिचं अजून ठरलेलं नाही. मी विचारत नाही. खारी अंगणात ओतून ठेवलीय. रविवारी ये. मी खाटेवर बसेन, सीमा चहा पिईल, तू चढ. फोटो मी काढते.

तुझीच,
यंदा खाली बसणारी
आजी