टेम्पोतला सेंट क्रिस्तोफर

मरोळ, अंधेरी
फेब्रुवारी १९७३

प्रिय ल्युसी,

तुझं घर माझ्या खिडकीतून दिसतं आणि मी तुला पत्र लिहितेय. हसू नकोस. तू माझ्या दारावरून जाताना मान खाली घालून भराभर चालतेस, हाक मारली तर ती तुझ्या पाठीवर आपटून परत येते. तेव्हा पोस्टमनचेच पाय वापरलेले बरे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर लोकांची बोलणी जोडून दिली. निवृत्त झाल्यावर माझ्याशी बोलणारं माणूस एकच उरलं होतं, ते कोण हे तुला माहीत आहे.

पाय म्हणशील तर प्लास्टर निघालं, पण गुडघा वाकायचं नाव घेत नाही. हर्बर्ट दुबईहून लिहितो, आई, बाहेर जाऊ नकोस. मुलगा सल्ला फुकट पाठवतो. समाचाराला बाया आल्या, सूप आलं, आणि प्रत्येक डब्याबरोबर उपदेश आला. सेराफिना, पोरगा आपल्याच गावठाणातला आहे, माफ करून टाक. मी विचारलं, माफी मागितलीय कुणी? तर सगळ्यांना घरची कामं आठवली.

तुझ्या फ्रेडीनं तो सेकंडहँड टेम्पो आणला तो दिवस आठवतो? वेसाव्याच्या कोळणींना बर्फ पोचवणार म्हणून पोरगा फुलून गेला होता. फादरांनी चाकांवर पवित्र पाणी शिंपडलं, मेणबत्ती मी धरली होती. बाप्तिस्म्यालाही धर्ममाता म्हणून त्याला मीच हातांवर धरलं होतं, तेव्हा मान माझाच. तुझ्या अंगणात मैद्याचे फुगे तळले जात होते आणि तेवढ्यात तो विम्याचा एजंट आला, घामाघूम, बगलेत बॅग. तू त्याला दारातूनच फुटवलंस. फादरांचा आशीर्वाद झालाय आणि वाटसरूंना सांभाळणारा सेंट क्रिस्तोफर काचेपुढे बसलाय, आणखी विमा कशाला, म्हणालीस. मी तेव्हाच म्हटलं होतं, ल्युसी, सेंट क्रिस्तोफर कोर्टात उभा राहणार नाही. तू गरम फुगा माझ्या तोंडात कोंबलास आणि सगळे हसले.

अपघातानंतर इस्पितळात हवालदार आला. कागद बघून म्हणाला, बाई, गाडीला विमा नाही, आता काय मिळणार तुम्हाला? जणू मीच विमा न काढता रस्त्यावर आले होते! मी गप्प बसणारी नाही. कुबडी घेऊन अंधेरीला वकिलाकडे गेले. चंद्रप्रकाश म्हणून तरुण मुलगा आहे, केस तेलकट पण डोकं स्वच्छ. त्यानं सांगितलं, विमा नसला म्हणून मालक सुटत नाही, भरपाई त्यानं स्वतः द्यायची. पंचनाम्याची नक्कल, इस्पितळाचे कागद जोडायचे आणि अपघातापासून सहा महिन्यांच्या आत मोटार अपघातांच्या न्यायाधिकरणात अर्ज टाकायचा. हुकूम होऊनही मालकानं हात वर केले, तर कलेक्टर शेतसाऱ्यासारखी वसुली करतो. मी अर्ज टाकला. फ्रेडीचा टेम्पो जप्त व्हावा असं मला वाटत नाही, तो नसला तर तुमची चूल कशावर पेटेल ते मलाही कळतं. हप्त्याहप्त्यानं द्यायची तडजोड तिथे रीतसर लिहून घेता येते, मला तेवढी चालेल. गुडघ्याचं ऑपरेशन व्हायला हवं.

पण फ्रेडीनं जबाबात काय लिहून दिलंय, वाचलंस का? म्हातारी अचानक आडवी आली. म्हातारी! त्याच पोरानं मला उचलून टेम्पोत घातलं होतं, बर्फाच्या ओल्या गोणपाटावर, आणि वाटभर आंटी, आंटी करून रडत होता. तेव्हा खरा होता तो. घाबरला आणि खोटा झाला. त्याचा राग मला फार दिवस पुरला नाही.

तू मात्र पोलिसांना सांगितलंस की तू पावाच्या दुकानाकडे तोंड करून उभी होतीस, काही पाहिलंच नाहीस. ल्युसी, आपण चर्चमधून मिस्सा आटपून येत होतो. विहिरीच्या वळणावर तू नेहमीसारखा माझा डावा हात धरला होतास. फ्रेडीनं मागे न बघता टेम्पो रिव्हर्स घेतला, तू किंचाळलीस आणि मला ओढलंस. दंडावर तुझ्या बोटांचे वळ कितीतरी दिवस होते. ते गेले तेव्हा मला वाईट वाटलं.

चंद्रप्रकाश म्हणतो, अपघात बघणारं माणूस सुनावणीला लागेल. समन्स काढू, मग त्या बाईंना यावंच लागेल. मी नको म्हटलं. पोलिसाच्या हातून बोलावलेली ल्युसी मला नको आहे. आलीस तर स्वतःच्या पायांनी ये आणि पोराला शिव्या न घालता, जे झालं तेवढंच सांग. त्या दिवसापासून मी चर्चला गेलेले नाही. कुणाला वाटतं गुडघ्यामुळे, कुणाला वाटतं घमेंडीमुळे. खरं सांगू? विहिरीच्या वळणावर पोचते, काठी टेकते आणि माझा पाय पुढे पडत नाही. या रविवारी पहिल्या मिस्साच्या आधी मी तिथे उभी असेन. साक्ष देणार की नाही, ते रस्त्याच्या पलीकडे गेल्यावर सांग. आधी माझा डावा हात धर.

अजूनही तुझीच,
सेराफिना